चौथ्या नटावरची पिवळी खूण

मी भूतबीत मानणारा माणूस नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून पवना नदीत सोडले, आणि देवांच्या मागोमाग भुतंही गेली. काळेवाडीच्या आमच्या चाळीत कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं की आई म्हणायची, "तांब्याभर पाणी मारा तोंडावर, उतरेल." मी त्या आईचा मुलगा. या सदरातले अनुभव मी वाचतो ते खरं सांगायचं तर हसायला. आणि आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे... असो.

माझ्या उजव्या हाताची चार बोटं वळत नाहीत. कुणी विचारलं की "कंपनीत प्रेस मशीनमध्ये गेली" असं मी इतकी वर्षं सांगत आलो. लग्नाआधी बायकोलाही तेच सांगितलं होतं. ते खोटं आहे. मागच्या महिन्यात मुलीला खरं काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला, मी टाइप करते." म्हणून हे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी पिंपरीला एका कंपनीत फिटर होतो. माझा दोस्त बाळू त्याच कंपनीत टेस्ट ड्रायव्हर — लाइनवरून उतरलेली नवीन गाडी पळवून बघायची हे त्याचं काम. राहणारा महाळुंग्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. आज तिथे नुसत्या कंपन्यांच्या भिंती दिसतात, पण तेव्हा महाळुंगे म्हणजे ज्वारी, कांदा आणि धूळ. बाळूच्या मळ्यात विहिरीला लागून एक पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये आमची गाडी.

गाडी कुठली ते सांगत बसत नाही. तेव्हा देशात गाड्या मोजून तीन जातीच्या, आमची त्यातली मधल्या आकाराची, डॉक्टर लोक वापरायचे तसली. आमच्यापासून दिवसभराच्या अंतरावर एक जुनी लष्करी धावपट्टी होती. तिथे वर्षातून एकदा शर्यती व्हायच्या. आपली रस्त्यावरची गाडी चालवत न्यायची, शर्यत खेळायची, आणि मोडली नाही तर चालवतच परत आणायची. साहेब लोकांची पोरं यायची, गॉगल लावून. त्यांच्यात आम्ही दोघं खाकी शर्टवाले.

दोन वर्षं खपून गाडी तयार केली होती. मागचं सीट, दारांच्या आतले पुठ्ठे, गालिचे — सगळं काढून टाकलं, वजन कमी व्हावं म्हणून. इंजिनचं हेड घासून घेतलं, एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले. पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापून गाडी खाली बसवली. ब्रेकच्या ड्रमला भोकं पाडली, तापू नयेत म्हणून. सायलेन्सरच्या जागी सरळ नळी. ती सुरू केली की बाळूची म्हैस दूध चोरायची आणि त्याचे वडील, आबा, आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

हात आमचे, पण डोकं नाना मेस्त्रींचं. नाना म्हणजे आमच्या टूलरूमचे सगळ्यात जुने फिटर, कोकणातले, माझे उस्ताद. ते शिकवायचे मारून. नट तिरका बसला, पाना सटकला, की "मेल्या!" म्हणायचे आणि त्यांचा एकोणीस नंबरचा पाना बोटांच्या पेरांवर बसायचा. लाडाने नाही, रक्त निघेल असा. एकदा माझ्या करंगळीचं नख उडालं होतं, आणि दहा मिनिटांनी त्याच हाताने त्यांनी स्वतःच्या डब्यातला तळलेला मासा माझ्या पोळीवर ठेवला. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्यासाठी मी जीवही दिला असता. दोन्ही खरं आहे.

नानांचा एक नियम होता, तो आमच्या अख्ख्या टूलरूमचा होता. ज्याने नट पुरता आवळला त्याने त्यावर रंगाने आपली खूण करायची. प्रत्येकाची खूण वेगळी. नानांची पिवळी — दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. आणि एकदा खूण झाली की दुसऱ्याने त्या नटाला पाना लावायचा नाही. पुन्हा तपासून बघणंसुद्धा अपमान. "माझी खूण म्हणजे माझी जबान," नाना म्हणायचे. "त्यावर पाना लावलास तर हात मोडीन."

गाडीत अशा चार जागा होत्या की तिथे काही सुटलं तर माणूस संपला. पुढच्या दोन चाकांचे मधले नट, आणि स्टेअरिंगचा रॉड दोन्ही चाकांना जिथे जोडला जातो तिथले दोन. नट आवळायचा, मग त्यातून आरपार दोन पायांची कॉटर पिन घालून तिचे पाय वळवायचे, म्हणजे नट फिरत नाही. चारही जागा नानांनी स्वतः आवळल्या आणि चारही ठिकाणी पिवळी खूण केली.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी नाना गेले. पहिली शिफ्ट सुटली होती, आम्ही तिघं सायकलींवर, नाना पुढे. नाशिक फाट्यापाशी ट्रकने त्यांना सायकलसकट ओढत नेलं. रस्त्यावर आधी डबा दिसला, मग एक चप्पल, आणि पन्नासेक पावलांवर नाना. तोंड ओळखू येत नव्हतं. हातावरून ओळखलं, नखांमध्ये पिवळा रंग होता. बाळूने ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढलं आणि त्याचं डोकं ट्रकच्या चाकावर आपटायला लागला. चार माणसांनी ओढलं तेव्हा सुटला. मी मात्र नानांच्या त्या हातापाशी बसून राहिलो.

दहाव्यानंतर नानांच्या बायकोने त्यांचा पाना मला दिला. मी तो शेडमध्ये खिळ्याला अडकवला. बाळूने त्याला हळद-कुंकू लावलं.

त्याच दिवशी बाळू म्हणाला, "सुभ्या, नानानं आवळल्याल्या चार जागांना आता कुनी हात लावायचा न्हाई. त्या खुनंवर मी डोळं झाकून गाडी घालीन."

"आणि मी आवळलं असतं तर?"

"तुजं काम चांगलं हाय राव. पर जिवाची गोष्ट हाय."

मला ते लागलं. सात वर्षं नानांचा मार खाऊन मी शिकलो होतो, आणि हा म्हणतोय की तुझ्या खुणेवर नाही बसणार. मनात म्हटलं, पिवळ्या रंगात काय जादू आहे का रे?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकट्याने गाडी मळ्याच्या रस्त्यावर फिरवली तर पुढून खडखड आवाज येत होता. स्टेअरिंगचा डावा सांधा झिजला होता. तो बदलणं भाग होतं, आणि मग पुढचा सगळा जोड नीट लावायचा तर चारही जागा उघडाव्या लागणार होत्या. बाळू पेट्रोल आणायला चाकणला गेला होता. त्याला सांगितलं असतं तर तो गेलाच नसता शर्यतीला. मी नानांच्या खुणा रॉकेलने पुसल्या आणि पाना लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

तीन जागा आवळल्या, पिना घातल्या. चौथा नट, म्हणजे रॉडच्या डाव्या टोकाचा, नुसता बोटांनी फिरवून ठेवला. तेवढ्यात मनात आलं, रंग वाळायला वेळ लागतो. बाळू दुपारी येईल आणि ओला रंग बघेल. म्हणून काम पुरं व्हायच्या आधीच मी शेडमध्येच राहिलेल्या नानांच्या डबीतून पिवळा रंग घेतला आणि चारही नटांवर दोन ठिपके, एक रेघ काढली. नंतर त्यावर मूठभर माती फुंकली, जुनं दिसावं म्हणून. झक्क जमलं होतं. मी स्वतःवर खूष झालो.

आणि त्याच वेळी आबांनी हाक मारली. "ए सुभाष! लाईट आली बग, आन मोटर पानी धरंना! ये की बिगी बिगी!"

त्या काळी शेतावर वीज यायची ती पाहुण्यासारखी, तासभर. मी चौथी पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि विहिरीवर पळालो. पंपाने दीड तास खाल्ला. परत आलो, गाडीखाली वाकून बघितलं, चारही नटांवर पिवळी खूण. झालं म्हटलं, आणि हात धुतले.

कळतंय ना काय झालं? खूण दिसली की पाना लावायचा नाही, हे सात वर्षं माझ्या बोटांत ठोकून बसवलेलं होतं. माझ्याच खोट्या खुणेवर माझा विश्वास बसला.

बाळू आला, गाडीखाली शिरला, एकेका खुणेला बोट लावून ते कपाळाला लावलं. "नाना हाईत आपल्यासंगं," म्हणाला. मी विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस गाडी चालवून धावपट्टीवर पोचलो. खड्डे, घाट, बैलगाड्यांनी उखडलेले रस्ते. हे लक्षात ठेवा. नुसता बोटांनी फिरवलेला नट, त्यात पिन नाही, आणि दिवसभराचा तसला रस्ता.

शर्यत त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. सिमेंटची पट्टी ऊन ओकत होती. वळणांना वाळूची पोती लावलेली. आमच्या आधीच्या शर्यतीत एक गाडी पोत्यांवर चढून उलटली आणि टपावर घसरत गेली. ड्रायव्हरचा हात खिडकीबाहेर होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा कोपरापासून खाली हात असा नव्हताच. लोक ओरडत होते, एक बाई ओकत होती. बाळूने ते बघितलं, तोंड पुसलं आणि आमच्या गाडीत बसला. आठ फेऱ्या होत्या.

तिसऱ्या फेरीला तो तिसरा होता, चौथीला दुसरा. मी पोत्यांवर उभा राहून नाचत होतो. घाम पुसायला शर्टाच्या खिशातून रुमाल काढला — तीन दिवस तोच शर्ट अंगात होता — आणि रुमालाबरोबर काहीतरी सिमेंटवर पडलं. कॉटर पिन. सरळ, नवी, पाय न वळवलेली.

मी ती उचलली आणि डाव्या मुठीत धरली. गाडी समोरून ताशी शंभराच्या पुढे गेली. डावं चाक एका नटावर, आणि तो नट मी आवळलेलाच नव्हता. बाळू डोळे झाकून बसला होता, ते माझ्या खोटेपणावर.

मी झेंडेवाल्याकडे धावलो. मिशीवाला, रिटायर फौजी. "लाल झेंडा दाखवा! गाडी थांबवा, चाक निघणार आहे!"

"पीछे हटो! साहब के ऑर्डर के बिना झंडा नहीं."

पुढे काय बोललो आठवत नाही. मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. नाक फुटलं, माझ्या कपाळावर त्याचं रक्त उडालं, आणि मी झेंडा हिसकावला. मग दोन व्हॉलंटियर धावून आले आणि मला खाली पाडलं. पोटात लाथा, तोंडावर गुद्दे. माझा दात तिथेच पडला. एकाने पाठीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने माझा डावा हात पिरगळून धरला. दोघेही माझ्या डाव्या अंगाला होते. उजवा हात पुढे, सिमेंटवर पालथा पसरलेला, आणि त्या बाजूला कुणीही नव्हतं. मान तिकडेच वळलेली होती, मी बघत होतो. नुसतं ऊन होतं.

आणि त्या हातावर घाव बसला.

बोटांच्या पेरांवर, चारही एकदम. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्याच्यासोबत लोखंड सिमेंटवर आपटल्याचा... ठण्ण! बोटं माझ्या डोळ्यांसमोर चेपली. काही दिसलं नाही. "मेल्या" असं कानाशी ऐकू आलं का? शपथेवर सांगणार नाही. पण तो घाव मी ओळखतो. सात वर्षं खाल्ला होता, फक्त नाना तेव्हा हात राखून मारत होते हे त्या दिवशी कळलं.

माझ्यावरचे दोघं ताडकन उठून मागे सरले. "किसने मारा?" एक जण दुसऱ्याला विचारत होता. "अरे, किसने मारा इसको?"

मी तेवढ्यात सुटलो. डाव्या हाताने झेंडा उचलला आणि पट्टीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. बाळू वळणावरून सरळ माझ्यावर येत होता. त्याने ब्रेक दाबले, गाडी आडवी झाली, टायर किंचाळत घसरत आली आणि बंपर माझ्या गुडघ्याला लागून थांबली. बाळू उतरला आणि काही न विचारता माझ्या तोंडात मारली. मग पुन्हा मारली.

"रेस घालवलीस हरामखोरा! दुसरा व्हतो मी, दुसरा!"

"नट!" मी रक्त थुंकत म्हणालो. "रॉडचा डावा नट... मी आवळला नाही. पिन इथे आहे, बघ." आणि मूठ उघडली. डाव्या मुठीत, झेंड्याच्या काठीबरोबर, ती पिन होती.

गाडी कडेला ढकलून जॅकवर घेतली. झेंडेवालाही नाकाला फडकं धरून आला, मला पोलिसात द्यायच्या आधी खरंखोटं करायला. बाळू खाली शिरला.

"नट घट हाय," आतून आवाज आला. "पिन बी हाय."

मी आडवा होऊन आत सरकलो. नट आवळलेला होता. बाळूने पाना लावून अंगाचा सगळा जोर टाकला, तरी हलला नाही. पिन घातलेली होती, आणि तिचा एक पाय वर वळवून दुसरा मुळाशी कापलेला होता. तसं फक्त नाना करायचे. मी दोन्ही पाय दोन्हीकडे वळवतो, त्यावरूनही मार खाल्लेला आहे. वर पिवळी खूण होती, दोन ठिपके, एक रेघ. मी फुंकलेली माती त्यावर नव्हती.

मग बाळूने बाकीचे तीन बघितले. ते मी आवळलेले होते, माझ्या पद्धतीने वळवलेल्या पिना जागच्या जागी होत्या. पण खुणा नव्हत्या. तिन्ही ठिकाणचा रंग खरवडून काढलेला, आतलं लोखंड चकचकीत.

"ह्या तीन खुना कुटं गेल्या?" बाळूने विचारलं.

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, तिथेच गाडीखाली. तो मारेल असं वाटलं होतं. मारलं नाही. तो उताणा पडून त्या चौथ्या खुणेकडे बघत राहिला आणि रडायला लागला. मीही रडलो, बोटं दुखत होती म्हणून नाही.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. "एकाच घावात चारही? कशाने मारलं? बुटाने हे होत नाही." मी म्हटलं, पडलो.

परतताना गाडी बाळूने चालवली. नाशिक फाट्याला त्याने गाडी कडेला घेतली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "उतर. सांग त्यांना." मी, देव नदीत सोडलेल्या घरातला मुलगा, भर रस्त्यात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "नाना, मी तुमची खोटी खूण केली." शेजारून ट्रक जात होते. बाकी काहीच झालं नाही.

शेडमध्ये गेल्यावर मी आधी तो पाना बघितला. खिळ्यालाच होता, हळद-कुंकू सुकलेलं, वर धूळ. रक्तबिक्त काही नाही. सिनेमात असतं तसं काही नव्हतं.

बाळूने पुन्हा शर्यत खेळली नाही. आमची दोस्ती राहिली, पण मी चालवतोय त्या गाडीत तो कधी बसला नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मला कंपनीने फिटरवरून इन्स्पेक्शनला टाकलं, कारण हातात पाना धरता येईना. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या खुणा तपासत बसलो.

मुलगी म्हणते, "बाबा, नट तुम्हीच आवळला असेल, विसरला असाल. आणि मारामारीत बोटांवर काय पडलं ते कसं कळणार?" म्हणू दे. पण मग माझ्याकडे उरलेली पिन कुठली? ती अजून आहे, कपाटात, सरळच्या सरळ. आणि माझ्या तीन नटांवरचा रंग कुणी काढला? मी इतकी वर्षं डोकं खाजवतोय.

वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. बोटांचं नको. ती का मोडली हे मला माहीत आहे, आणि माझी तक्रार नाही. फक्त तो चौथा नट कुणी आवळला तेवढं सांगा.